चोणक लागतो, पण कांदळात शिरून तुटतो: लीडर जाड करू, ड्रॅग आवळू की वेळ बदलू?

कर्लीकाठ (प्रश्न)

मंडळी, कर्ली खाडीत (सिंधुदुर्ग) कांदळाच्या (खारफुटीच्या) कडेने काठावरून लूअर (कृत्रिम आमिष) टाकतो. चोणक (रायगडकडचा जिताडा) दीड-दोन किलोचा असला तर बाहेर येतो. त्याहून मोठा लागला की पहिल्याच धावेत मुळांत शिरतो. मग कधी लीडर (मुख्य दोरी आणि लूअर यांच्यामधला घासायला टिकणारा तुकडा) तुटलेला, कधी हुक सरळ झालेला.

सामान असं आहे: रॉड 8 फूट, 10 ते 30 ग्रॅमचा. रील 3000. ब्रेड (विणलेली मुख्य दोरी) 20 पौंड. लीडर 25 पौंड फ्लुरोकार्बन, साधारण 60 सेमी. ब्रेड-लीडर जोड डबल युनी गाठीने. लूअर 10 सेमीचा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा), हुक कंपनीने दिलेलेच. वेळ म्हणाल तर अर्धी ओहोटी झाल्यावर, पाणी मुळांत अजून आत-बाहेर करत असताना. तेव्हा हिट (माशाची लूअरवर झडप) सगळ्यात जास्त येतात.

विचारायचंय ते असं: लीडर थेट 60-80 पौंडाचा करू का? दुकानात वायर लावायला सांगितली, ती लावावी का? आणि ड्रॅग (मासा ओढताना दोरी सुटू देण्याआधी रील धरते तो ताण) नक्की किती ठेवायचा? आत्तापर्यंत हाताने ओढून अंदाजानेच लावतोय.

खडपावरचा

काही विकत घेण्याआधी तुटलेलं टोक नीट बघा. कशामुळे तुटलं ते तिथेच कळतं.

टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असेल तर गाठ सरकली. लीडर चांगला होता, गाठ ओली न करता आवळली किंवा शेपूट फार जवळ कापलं. टोकाच्या वर 10-15 सेमीपर्यंत लीडर पांढुरका आणि खरखरीत लागत असेल तर तो घासून गेलाय. चोणकाला सुरमईसारखे कापणारे दात नसतात, पण तोंड आतून सँडपेपरसारखं असतं आणि दोन-तीन मिनिटांच्या झुंजीत लीडर तिथेच झिजतो. टोक ब्लेडने कापल्यासारखं साफ असेल तर कल्ल्याचं झाकण, नाहीतर मुळांवरची कालवं. चोणकाच्या कल्ल्याची कड खरोखर धारदार असते, मासा डोकं झटकतो तेव्हा ताणलेला लीडर तिच्यावरून जातो. आणि लीडर सगळा गेला असेल, ब्रेडचं टोक पिंजलेल्या कापसासारखं दिसत असेल, तर ब्रेडच मुळाला लागला. ब्रेड ओढायला मजबूत, घासायला मात्र काहीच नाही. कालवावर नुसता टेकला तरी जातो.

तुमचं वर्णन वाचून मला दुसरं आणि चौथं, दोन्ही होत असावं असं वाटतं. 25 पौंड चोणकासाठी बारीक आहे आणि 60 सेमी फार आखूड. 40 पौंड घ्या, कांदळाला अगदी लागून टाकायचं असेल तर 50. लांबी दीड मीटर. 80 पौंडाची गरज नाही. इतका जाड लीडर 10 सेमीच्या मिनोची चाल मारतो आणि गाठ नीट बसत नाही. पृष्ठभागावर पॉपर (पाणी उडवणारा तरंगता लूअर) चालवणार असाल तर त्या दिवशी फ्लुरोऐवजी साधा मोनो (नायलॉनची एकपदरी दोरी) लावा, फ्लुरो बुडतो आणि पॉपरचं नाक खाली ओढतो.

लूअरला सरकती न होणारी लूप गाठ मारा. लूप 5-6 मिमीचा पुरे. जाड लीडर थेट आवळून बांधला तर लूअर एका बाजूला कलतो.

वायर नको. खाडीच्या मुखाशी सुरमई लागत असेल तर 15-20 सेमी वायरला पर्याय नाही, आत कांदळात मात्र तिने फक्त हिट कमी होतील.

डार्विनकर

वरच्या सगळ्याला सहमत, एक भर घालतो. ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून बरेच जण 60-80 पौंडावर जातात. चोणकाचा वजनाचा जागतिक विक्रम, 44.64 किलोचा, तिथलाच, 2010 साली क्वीन्सलँडच्या लेक मॉन्ड्युरनमध्ये झाला. ते धरण आहे, पाण्याखाली बुडालेली झाडं उभी आहेत आणि मासे प्रचंड. त्या ठिकाणी जाड लीडर लागतो. उत्तर टोकाच्या भरती-ओहोटीच्या नद्यांत मात्र 40-50 पौंडच सर्रास दिसतो, आणि तुमची खाडी त्या नद्यांच्या जवळची आहे.

आता ड्रॅग. अंदाज सोडा, बॅगा तोलायचा काटा आणा. ब्रेड सगळ्या गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) ओवून काट्याच्या हुकाला बांधा, रॉड 45 अंशांत धरा, दुसऱ्या कोणाला काटा ओढायला सांगा. स्पूल (रीलवरची दोरी गुंडाळलेली चकरी) फिरायला लागतं तेव्हाचा आकडा तुमचा ड्रॅग. थेट रीलपाशी मोजू नका. गाइडमधलं घर्षण मिळूनच माशाला खरा ताण जाणवतो.

नियम असा की साखळीतल्या सगळ्यात कच्च्या कडीच्या पाव ते एक तृतीयांश. तुमची कच्ची कडी 20 पौंड ब्रेड, म्हणजे 9 किलो, त्यात डबल युनीने आणखी घट. तिथे सव्वादोन किलोच्या वर जाणं धोक्याचं. मुळांकडे पळणाऱ्या चार-पाच किलोच्या चोणकाला सव्वादोन किलो काहीच नाही. 30 पौंड ब्रेड घेतला (ब्रेडच्या जाडीच्या जपानी मापात पीई 2 च्या आसपास) तर 13.6 किलोच्या पावपट म्हणजे साडेतीन किलो आरामात, आणि नवा ब्रेड, चांगली गाठ असेल तर साडेचारपर्यंत जाता येतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: ड्रॅगचा आकडा स्थिर नसतो. स्पूलवरचा ब्रेड जसा कमी होतो तशी त्रिज्या घटते आणि तोच नॉब असताना ओढ वाढते. म्हणून भरलेल्या स्पूलवर कमाल मर्यादेपर्यंत आवळून ठेवू नका.

तुमचा 10-30 ग्रॅमचा रॉड साडेतीन किलोला हँडलपर्यंत वाकेल आणि मासा वळवायला ताकद उरणार नाही. 7 ते साडेसात फुटी, 15-45 ग्रॅमचा बघा. लांब रॉडने लूअर लांब जातो, पण जवळच्या झुंजीत तरफेचा फायदा माशाला मिळतो. रील 4000.

खडपावरचा

बरोबर. पण क्रम महत्त्वाचा आहे. ड्रॅग वाढवण्याआधी हुक बदला. आत्ता तुमचे हुक सव्वादोनच्या आसपास सरळ होतायत, साडेतीनला पहिल्याच झटक्यात होतील. सोबत येणारे ट्रेबल (तीन टोकांचे हुक) बहुतेक वेळा बारीक तारेचे असतात. 3एक्स किंवा 4एक्स जाडीचे घाला आणि स्प्लिट रिंगही (हुक लूअरला अडकवणारी कडी) बदला. रिंग उघडली तर ती किंचित लंबगोल झालेली दिसते, दोन बोटांत फिरवून बघा.

आता यात एक अडचण येते. रापाला एक्स-रॅप 10 सारखा लूअर (10 सेमी, 13 ग्रॅम) थांबवला की वर न येता, खाली न जाता पाण्यात आहे तिथेच राहावा असा तोललेला असतो. जाड हुक घातले की तो थांबल्यावर हळूहळू बुडतो. चोणक नेमका थांब्यावर घेतो, म्हणून हा फरक मोठा. खाडीचं पाणी खारट असेल तर थोडा उचलतो, पावसाळ्यानंतर गोडं पाणी उतरलं की पुन्हा बुडतो. काठाशी गुडघाभर पाण्यात लूअर सोडून डोळ्यांनी बघा. फार बुडत असेल तर मागचा ट्रेबल काढून एकेरी हुक लावा. एकेरी हुक मुळांत अडकतोही कमी आणि मासा सोडताना जखमही कमी होते.

सुकतीची_वाट

दोघांनीही सामानाचं सांगितलं. माझ्या मते मूळ दुखणं वेळेचं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

अर्ध्या ओहोटीला हिट जास्त येतात हे खरं, कारण मासा तेव्हा मुळांत शिरून बसलेला असतो. म्हणजे त्याच्या घराच्या दारातच तुम्ही त्याला गाठताय. दोन हात मागे सरला की तो आत. तोच मासा आणखी दोन तासांनी बघा. पाणी उतरतं, मुळं उघडी पडतात, चिखल दिसायला लागतो. चोणकाला मुळं सोडून मुख्य धारेच्या कडेला यावं लागतं. कांदळातून निघणारे छोटे ओहोळ तेव्हा आतली कोळंबी, शेवट्याची पिल्लं बाहेर ओततात आणि मासा त्या ओहोळाच्या तोंडाशी, धारेच्या आडोशाला उभा राहतो. हिट कमी मिळतील, पण लागलेल्या माशाला शिरायला जागाच नाही. शेवटचे दोन तास ओहोटीचे आणि भरतीचा पहिला अर्धा तास. भरती मुळांना टेकली की थांबा.

दिवस निवडायला तिथीचं जुनं गणित पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. चतुर्थी: चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनला, ओहोटी नऊला. यात पाऊण तासाचा फरक धरून चाला. खाडीत जितके आत जाल तितकी ओहोटी उशिरा येते, आणि तो फरक प्रत्येक वळणाला वेगळा. एकच जागा धरून तीन-चार वेळा घड्याळ लावून लिहून ठेवा, ते कोणत्याही ॲपपेक्षा खरं निघेल.

या हिशोबाने तृतीया ते पंचमी सोन्यासारखी. ओहोटीचा शेवट सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येतो, उजेडाचा पहिला प्रहर आणि उतरतं पाणी दोन्ही जमतात. संध्याकाळच हवी असेल तर चतुर्दशी ते प्रतिपदा, पण ते उधाणाचे दिवस, धार जोरात आणि पाणी गढूळ. तेव्हा मिनोपेक्षा 4-5 इंची मऊ पॅडल शेपटीचा लूअर, 10-14 ग्रॅमच्या जिगहेडवर (वजन लावलेल्या हुकावर), गडद रंगाचा. अष्टमीच्या आसपास भांग (भरती-ओहोटी कमीत कमी असण्याचे दिवस). पाणी नितळ, पण हलत नाही आणि मासा सुस्त असतो.

उभं कुठे राहायचं तेही सांगतो, कारण तुम्ही काठावर आहात. कांदळाच्या भिंतीवर काटकोनात लूअर टाकू नका. ओहोळाच्या तोंडाच्या खालच्या अंगाला, धार जिकडे जाते तिकडे, उघड्या वाळूवर किंवा खडपावर उभे राहा आणि वरच्या अंगाला तिरका टाका. लूअर धारेबरोबर तोंडावरून जाईल, जसं आमिष वाहून येतं. मासा लागला की तुम्ही त्याला कांदळापासून दूर, धारेच्या दिशेने ओढता. धार तुमच्या बाजूने काम करते.

डार्विनकर

हे वेळेचं सर्वात महत्त्वाचं. सामान त्याच्यानंतर.

पहिल्या दोन सेकंदांबद्दल लिहायचं राहिलं. हिट आली की रॉड डोक्यावर उचलायची सवय मोडा. रॉड वर गेला की माशाचं तोंड वर येतं, तो उडी मारतो आणि डोकं झटकतो. कल्ल्याचं झाकण लीडरवर फिरतं ते तेव्हाच. रॉड खाली, पाण्याला समांतर, आणि बाजूला ओढा, कांदळाच्या उलट्या दिशेला. माशाचं डोकं वळलं की शरीर मागे येतंच. त्या क्षणी रीलच्या स्पूलच्या कडेवर तळहात दाबून ड्रॅग थोडा वाढवता येतो, मासा वळला की हात काढा. ड्रॅगचा नॉब झुंजीत फिरवू नका, किती फिरला ते कळत नाही आणि मग जवळ आलेल्या माशाच्या शेवटच्या धावेत तुटतं.

उडी मारलीच तर रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा. ताण पूर्ण सोडू नका, फक्त झटक्याला जागा द्या.

कर्लीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं एकदम नाही घेता येणार, आधी हुक आणि 30 पौंड ब्रेड करतो आणि वेळ बदलतो. एक शंका: दीड मीटर लीडर म्हटलं की डबल युनीची गाठ गाइडमध्ये जाते आणि टाकताना खटकन अडकते. एफजी गाठ शिकावी लागेल का? वाऱ्यात ती बांधायला जमेल का?

खडपावरचा

शिका, आणि घरीच बांधून निघा. डबल युनीची गाठ टोकाच्या गाइडच्या बाहेर ठेवली तर लीडर मीटरभरच राहतो. एफजी बारीक असते, गाइडमधून घसरून जाते.

ब्रेड ताणलेला हवा, ही यातली अर्धी कला. रॉड टेकवून ठेवा, ब्रेडचं दुसरं टोक करंगळीला गुंडाळा किंवा दातांत धरा. ताणलेल्या ब्रेडवर लीडर एकदा वरून, एकदा खालून, असे 18-20 वेढे. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून. मग ब्रेडच्या शेपटाने लीडर आणि मुख्य ब्रेड दोन्हींवर एक अर्धी गाठ, आणि आता ओलं करून जोरात ओढा. 40 पौंड लीडरला हात कापतो, ब्रेड कापडात किंवा काठीवर गुंडाळून ओढा. ब्रेडचा रंग गडद होईपर्यंत आणि वेढे लीडरमध्ये रुतलेले दिसेपर्यंत. रंग बदलला नाही तर गाठ सरकणार, पुन्हा बांधा. त्यानंतर पाच-सहा अर्ध्या गाठी आलटून पालटून, लीडरचं शेपूट अगदी लगत कापा, मग फक्त ब्रेडवर आणखी तीन-चार. लायटरने लीडरचं टोक बोंडासारखं करायचं असेल तर ज्योत ब्रेडला लागू देऊ नका, ब्रेड वितळतो.

घरून दोन मीटर बांधून निघा. प्रत्येक माशानंतर शेवटचे 30 सेमी बोटांत फिरवून बघा, खरखर लागली की कापा, पुन्हा लूप बांधा. मीटरच्या खाली आला की खाडीवर सुधारित अल्ब्राइट गाठ मारा. ती वाऱ्यातही जमते आणि गाइडमधून बऱ्यापैकी जाते.

सुकतीची_वाट

आता मोठा मासा बाहेर येणार असं धरून पुढचं लिहितो, कारण हे ज्याने त्याने स्वतःशी ठरवायचं असलं तरी माझं मत ठाम आहे.

चोणक आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो, पुढे मादी होतो. साधारण 80-90 सेमीच्या पुढचे बहुतेक मादी. म्हणजे फोटोसाठी सगळ्यात हवासा वाटणारा मासा तोच खाडीला सगळ्यात जास्त पिल्लं देणारा. क्वीन्सलँडच्या खाडी-समुद्रात 58 सेमीपेक्षा लहान आणि 120 सेमीपेक्षा मोठा ठेवता येत नाही, त्यातल्या वरच्या मर्यादेमागचं कारण हेच. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे, काठावरच्या रॉडला नाही. पण पावसाळ्यात मोठे चोणक अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतात. त्या दिवसांत मुखाशी लागलेला मोठा मासा सोडाच, अशी कळकळीची विनंती आहे. खायला दोन-अडीच किलोचा भरपूर होतो.

सोडायचा तर नीट सोडा. जबड्याला ग्रिप (मासा धरायची पकड) लावून उभा लटकवू नका, त्याच्याच वजनाने जबड्याचा आणि मणक्याचा सांधा दुखावतो. एक हात ग्रिपवर, दुसरा ओला हात पोटाखाली, आडवा. कल्ल्यात बोटं घालू नका, मासाही जातो आणि बोटंही कापतात. हुकाचे काटे आधीच पकडीने चेपून ठेवले असतील तर काम काही सेकंदांचं. फोटो पाण्यात गुडघे टेकून, मग तोंड धारेकडे करून धरा आणि शेपटीला जोर आला की सोडा. तो स्वतः हातातून निसटायला हवा, ढकलायचा नाही.

खडपावरचा

"पाण्यात गुडघे टेकून" याला एक अट. कर्लीतही आधी विचारून घ्या, आणि हा धागा वाचून कोणी वाशिष्ठीला चिपळूणकडे, महाडच्या सावित्रीला किंवा गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात जाणार असेल तर तिथे मगरी आहेत. कुंभारजुव्यात तर खाऱ्या-मचूळ पाण्यातच. तिथे पाण्यात उतरायचं नाही, काठावर मासा साफ करायचा नाही, पहाटे-संध्याकाळी पाण्याच्या कडेला पाठ करून बसायचं नाही. लांब दांड्याची रबरी जाळी घ्या.

आणि कांदळात अडकलेला लूअर काढायला फांदी तोडू नका. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, आणि ती मुळं गेली तर चोणकाची पिल्लं कुठे वाढणार? ब्रेड हाताला न गुंडाळता काठीवर गुंडाळून सरळ रेषेत मागे ओढा. जाड हुक असतील तर मुळाची साल निघून लूअर येतो. नाहीच आला तर ओहोटीला मुळं उघडी पडल्यावर जाऊन काढा, पण कमरेएवढ्या चिखलात एकट्याने उतरू नका. खेकड्याचे सापळे आणि खुंटावरची जाळी दिसली तर त्यांच्यावरून टाकू नका. त्या माणसाचं पोट त्यावर आहे.

कर्लीकाठ

नोंद घेतली. येत्या तृतीयेला सकाळी ओहोळाच्या खालच्या अंगाला उभा राहणार. रॉड सध्या जुनाच आहे, तर ड्रॅग काट्यावर किती लावू?

डार्विनकर

10-30 च्या रॉडवर 30 पौंड ब्रेड असला तरी अडीच किलोच्या वर जाऊ नका. आधी रॉडच्या दांड्यावर पौंडात लाइन लिहिली आहे का बघा. बहुतेक वेळा हँडलच्या वर बारीक अक्षरांत असते, आणि ब्रेड जाड असला तरी ड्रॅगचा हिशोब त्याच आकड्यावरून करायचा. उरलेली ताकद तळहाताने स्पूलवर, फक्त पहिल्या वळवण्यापुरती. आणि घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करा. आवळून ठेवला तर आतल्या चकत्या चेपतात आणि पुढच्या वेळी स्पूल झटक्याझटक्याने सुटतं. रील धुताना मात्र ड्रॅग घट्ट, नळाची बारीक धार किंवा फवारा, बादलीत बुडवायचं नाही. पुसून झालं की सैल.